रिॲक्ट-नोड येतं, आता पुढे काय शिकू?

तुम्ही तीन वर्षं रिॲक्ट आणि नोडवर काम करताय, डेटाबेस मोंगोडीबी आहे, आणि पुढच्या सहा महिन्यांत नेक्स्ट जेएस, बन, डीनो, ड्रिझल, एचटीएमएक्स, डॉकर, कुबरनेटीस आणि एआय एजंट यांपैकी काय शिकावं असं विचारलंय. शेवटी एक ओळ आहे: ‘रोज काहीतरी नवं येतं, मी मागे पडतोय असं वाटतं.’ माझ्या मते खरा प्रश्न त्या ओळीत आहे. ही सगळी नावं शिकून झाली तरी सहा महिन्यांनी दुसरी यादी तयार असेल आणि तुम्ही पुन्हा हेच विचाराल. एखादं टूल आलं की ते आपल्या कामाचं आहे की नाही हे कशावरून ठरवायचं, ते हाती लागलं तर यादीची भीती आपोआप कमी होते. म्हणून त्यावर जास्त लिहिते आणि प्रत्येक नावाचं माझं मत ओघात सांगते.

बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे. एजन्सीत असाल, दर काही महिन्यांनी नवा क्लायंट आणि नवा कोड, तर थोडं थोडं पुष्कळ यावं लागतं. एकाच प्रॉडक्टवर वर्षानुवर्षं असाल तर खोलात जाण्याचा फायदा जास्त. लगेच नोकरी बदलायची असेल तर जाहिरातींत दिसणारी नावं निदान हाताळलेली हवीत, आवडोत न आवडोत. तुम्ही लिहिलंय की टीम पाच जणांची आहे आणि सगळे सगळं करतात. ते धरून उत्तर देते.

माझी रीत अशी. युजर बटण दाबतो, ब्राउझर रिक्वेस्ट पाठवतो, सर्व्हर ती तपासतो, डेटाबेसला विचारतो, उत्तर परत येतं, स्क्रीन बदलते. नोड २००९ मध्ये आलं, रिॲक्ट २०१३ मध्ये, त्याच्याही आधीपासून हा रस्ता असाच आहे. नवं टूल दिसलं की मी तीन गोष्टी बघते: ते या रस्त्यावर नेमकं कुठे बसतं, आज मी हाताने करते त्यातलं कोणतं काम ते उचलतं, आणि दोन वर्षांनी काढायचं ठरवलं तर किती फाइलींना हात लावावा लागेल. तिसऱ्या प्रश्नाला डेव्हलपर सहसा बगल देतात. वीट हे बिल्ड टूल बदलायचं तर एक कॉन्फिग फाइल आणि थोडी डोकेदुखी. नेक्स्टचे सर्व्हर कंपोनंट (सर्व्हरवरच चालणारे रिॲक्टचे भाग) काढायचे तर निम्मं ॲप पुन्हा लिहावं लागतं. दोन्हींचं वजन सारखं धरून चालत नाही.

पण ही रीत वापरायला तो रस्ता स्वतः चालून पाहिलेला असावा लागतो. एक उदाहरण जरा सावकाश बघू, कारण अशी तक्रार तुमच्याकडेही कधी ना कधी येणारच.

समजा ऑर्डरची यादी दाखवणारं पान उघडायला चार सेकंद लागतात. टीममध्ये लगेच सूचना सुरू होतात: रेडिस (डेटा मेमरीत तात्पुरता ठेवणारं कॅश) लावू, बनवर (नोडला पर्याय) जाऊ, नेक्स्टमध्ये नेऊ. त्याआधी ब्राउझरचे डेव्हटूल्स उघडा, नेटवर्क टॅबमध्ये त्या रिक्वेस्टवर क्लिक करा आणि टायमिंग बघा. सर्व्हरच्या उत्तराची वाट बघण्यात साडेतीन सेकंद आणि डाउनलोडला काही मिलिसेकंद असं दिसलं, तर रिॲक्टला दोष देऊन उपयोग नाही; तिथे मेमो (अनावश्यक पुन्हा रेंडर टाळायची सोय) लावत बसलात तरी पान तेवढंच हळू राहील. उलट वाट बघणं दोनशे मिलिसेकंद आणि उरलेला वेळ जावास्क्रिप्ट चालण्यात जात असेल, तर पुढचा तपास परफॉर्मन्स टॅबमध्ये.

आपलं प्रकरण पहिलं आहे असं धरू. सर्व्हरवर क्वेरी लॉग चालू करा. पन्नास ऑर्डरच्या यादीसाठी एक क्वेरी, मग लूपमध्ये प्रत्येक ऑर्डरच्या ग्राहकासाठी एक आणि प्रत्येक ऑर्डरच्या वस्तूंसाठी एक, म्हणजे एका पानामागे १०१ क्वेऱ्या. कोडमध्ये हे दिसत नाही, कारण ओआरएममुळे, म्हणजे कोडमधून डेटाबेसशी बोलणाऱ्या लायब्ररीमुळे, ती ओळ साधी प्रॉपर्टी वाचल्यासारखी दिसते. एका क्वेरीला ५ मिलिसेकंद धरले तरी अर्धा सेकंद इथेच गेला. जॉइन करा किंवा सगळे आयडी गोळा करून एकदाच विचारा, तो अर्धा सेकंद परत मिळतो.

उरलेले तीन सेकंद पहिल्याच क्वेरीत जाताहेत. पोस्टग्रेस (टेबलांत डेटा ठेवणारा डेटाबेस) असेल तर त्या क्वेरीपुढे ‘एक्सप्लेन ॲनालाइझ’ (क्वेरी कशी चालली ते दाखवणारी आज्ञा) लावून चालवा. ‘सेक स्कॅन’ असं दिसलं आणि खाली फिल्टरने वगळलेल्या ओळींचा आकडा लाखांत असला, तर डेटाबेस तुमच्या पन्नास ओळींसाठी अख्खं टेबल वाचतोय. क्वेरी आहे ‘या विक्रेत्याच्या ऑर्डर, ताज्या आधी, पहिल्या पन्नास’. इथे विक्रेता आयडी आणि तारीख या दोन कॉलमचा एकत्र इंडेक्स लागतो, त्याच क्रमाने: ज्याची किंमत ठरलेली आहे तो आधी, ज्यावर क्रम लावायचा तो नंतर. मग डेटाबेस थेट त्या विक्रेत्याच्या सगळ्यात ताज्या नोंदीपाशी पोचतो आणि पन्नास ओळी उचलून थांबतो. फॉरिन की (दुसऱ्या टेबलशी नातं) लावली म्हणजे इंडेक्स झालाच असा पुष्कळांचा समज असतो. मायएसक्यूएलच्या इनोडीबीत तसं होतं, पोस्टग्रेसमध्ये होत नाही. तिथे तो स्वतः बनवावा लागतो. आणि चालू प्रॉडक्शनवर बनवताना ‘कन्करंटली’ हा शब्द विसरू नका, नाहीतर इंडेक्स तयार होईपर्यंत त्या टेबलवरचं सगळं लिहिणं अडून राहतं.

यात नवं टूल एकही लागलं नाही. नेटवर्क टॅब, क्वेरी लॉग आणि एक्सप्लेन या तीन गोष्टी ज्याला वाचता येतात, त्याला रेडिस कधी लागेल हेही आपोआप कळतं. नुसतं रेडिस लावलं असतं तर दर वेळी कॅश संपल्यावर कुणातरी युजरला तेच चार सेकंद भोगावे लागले असते, वर जुना डेटा दिसण्याच्या तक्रारी वेगळ्या.

म्हणून तुमच्या यादीत नसलेलं एक नाव मी सगळ्यात वर ठेवेन: पोस्टग्रेस, आणि त्यासोबत हाताने लिहिलेलं एसक्यूएल. मोंगो वाईट आहे असं म्हणत नाही. २०१८ पासून त्यातही एकापेक्षा जास्त डॉक्युमेंटवर ट्रान्झॅक्शन करता येतात. पण ऑर्डर, पेमेंट, युजर, परवानग्या अशा एकमेकांत गुंतलेल्या डेटाला नातं सांभाळणारा डेटाबेस सोयीचा पडतो, आणि बहुतेक ॲपचा डेटा याच जातीचा असतो. लवचीक रचना हवी असेल तर पोस्टग्रेसमध्ये २०१४ च्या ९.४ आवृत्तीपासून जेसनबी (जेसन साठवायचा प्रकार) आहे. मागे चालणाऱ्या कामांची रांग हवी असेल तर ९.५ पासून ‘स्किप लॉक्ड’ आहे: चार वर्कर एकाच टेबलमधून कामं उचलतात आणि एकाने धरलेली ओळ दुसरा सोडून पुढे जातो. साधा मजकूर शोध आत आहे, एम्बेडिंग (मजकुराचा अर्थ आकड्यांत मांडलेला) शोधायला पीजीव्हेक्टर हे एक्स्टेन्शन जोडता येतं. पाच जणांच्या टीमने रांगेला एक, शोधाला एक आणि कॅशला एक असे तीन वेगळे सर्व्हर सांभाळण्यापेक्षा एकाच डेटाबेसचा बॅकअप नीट घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. भार वाढला तर वेगळं काढता येतं. ड्रिझल की प्रिझ्मा (दोन्ही ओआरएम) यात मी फारशी शिरत नाही. जे टीमला आवडेल ते घ्या, फक्त ते मागे कोणतं एसक्यूएल पाठवतं ते अधूनमधून वाचा.

दुसरी जागा टाइपस्क्रिप्टची. ते तुम्ही वापरत असालच, पण कुठे संपतं ते लक्षात असू द्या. टाइप फक्त कोड लिहिताना आणि कम्पाइल होताना असतात. चालताना ते पुसले गेलेले असतात. बाहेरून आलेल्या जेसनला तुम्ही ‘ॲज युजर’ म्हटलंत तर कम्पायलर विश्वास ठेवतो, डेटा मात्र जसा यायचा तसाच येतो. म्हणून रिक्वेस्टची बॉडी, दुसऱ्या सेवेचं उत्तर आणि एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल या तीन ठिकाणी झॉडसारख्या लायब्ररीने चालताना तपासणी करा, आणि टाइप त्या स्कीमातूनच काढा, म्हणजे एकच गोष्ट दोनदा लिहावी लागत नाही. आतल्या फंक्शनांत पुन्हा पुन्हा तपासत बसू नका. नोड २३.६ पासून टाइपस्क्रिप्ट फाइल थेट चालवता येते, पण नोड तिथे टाइप काढून टाकतो, तपासत नाही. सीआयमध्ये (कोड आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेत) टीएससीची, म्हणजे टाइपस्क्रिप्टच्या कम्पायलरची, पायरी ठेवावीच लागते.

आता नेक्स्ट. शिका, कारण रिॲक्टच्या जगात सर्व्हरवर रेंडर करायची रुळलेली वाट तीच आहे आणि नोकरीच्या जाहिरातींतही ते सतत दिसतं. क्रिएट रिॲक्ट ॲप रिॲक्टच्या टीमनेच फेब्रुवारी २०२५ मध्ये निवृत्त केलं. नव्या प्रोजेक्टला फ्रेमवर्क घ्या असं ते सांगतात, आणि फ्रेमवर्क नको असेल तर वीटसारखं बिल्ड टूल. माझी वाटणी सोपी आहे. लॉगिनच्या मागचं डॅशबोर्ड असेल, सर्च इंजिनचा संबंध नसेल, तर वीट आणि वेगळा एपीआय पुरतो आणि डोकं शांत राहतं. बाहेरच्या लोकांनी वाचायची पानं असतील तर नेक्स्ट. फॉर्म आणि टेबलांनी भरलेलं आतलं साधं ॲप असेल तर एचटीएमएक्सही (सर्व्हरने पाठवलेलं एचटीएमएल पानात बसवणारी छोटी लायब्ररी) विचारात घ्या, विशेषतः बॅकएंड जँगो किंवा लाराव्हेल या फ्रेमवर्कमध्ये असेल तेव्हा.

नेक्स्ट घेतलंत तर सर्व्हर आणि क्लायंट यांची सीमा धूसर होते, आणि तिथे सुरक्षेचं काम वाढतं. मार्च २०२५ मध्ये नेक्स्टमध्ये अशी त्रुटी सापडली की रिक्वेस्टला एक विशिष्ट हेडर जोडला की मिडलवेअर (पानापर्यंत पोचण्याआधी रिक्वेस्ट तपासणारा कोड) चालायचंच नाही. ज्यांनी ‘हा युजर लॉगिन आहे का’ एवढी तपासणी फक्त मिडलवेअरमध्ये ठेवली होती, त्यांच्या स्वतः होस्ट केलेल्या ॲपचा दरवाजा सताड उघडा होता. डेटा आणणाऱ्या फंक्शनमध्येच परवानगी तपासणाऱ्यांचं पान कदाचित उघडलं असेल, पण डेटा गेला नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रिॲक्टच्या सर्व्हर कंपोनंटमध्येच अशी त्रुटी निघाली की लॉगिनशिवाय सर्व्हरवर कोड चालवता येत होता. सर्व्हर ॲक्शन (ब्राउझरमधून बोलावता येणारं सर्व्हरवरचं फंक्शन) दिसायला साधं फंक्शन असलं तरी तो सगळ्यांना उघडा असलेला एपीआय आहे असं धरूनच लिहा: आत आल्यावर ओळख तपासा, मग परवानगी, मग इनपुट. आणि अशा सूचना आल्या की त्याच दिवशी अपडेट करता येईल इतकं डिप्लॉय सोपं ठेवा.

सुरक्षेचा विषय निघालाच आहे तर एनपीएमबद्दलही (नोडची पॅकेजेस जिथून येतात ते) सांगते. सप्टेंबर २०२५ मध्ये चॉक आणि डीबग यांसारखी जवळजवळ प्रत्येक प्रोजेक्टमध्ये असलेली पॅकेजेस काही तास बाधित होती, कारण ती सांभाळणाऱ्याचं खातं एका फिशिंग मेलमुळे दुसऱ्याच्या हाती गेलं. त्याच महिन्यात एका पॅकेजमधून दुसऱ्यात स्वतःहून पसरणारा वर्मही आला. यावर उपाय आहेत. लॉकफाइल (पॅकेजेसच्या नेमक्या आवृत्त्यांची नोंद) कमिट करा, सीआयमध्ये ‘एनपीएम सीआय’ चालवा, आणि नव्याकोऱ्या आवृत्त्या लगेच उचलू नका. पीएनपीएममध्ये (एनपीएमला पर्याय) आवृत्ती आपण ठरवू तितकी जुनी झाल्याशिवाय घेऊ नको अशी सेटिंग आहे. बरीच बाधित पॅकेजेस तेवढ्या वेळात पकडली जातात. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे पॅकेज कमी करणं. नोडमध्ये आता फेच आहे, टेस्ट रनर आहे, वॉच मोड आहे, एन्व्ह फाइल वाचायची सोय आहे. ब्राउझरमध्ये मोडलसाठी ‘डायलॉग’ एलिमेंट आहे, सीएसएसमध्ये कंटेनर क्वेरी, नेस्टिंग आणि ‘हॅज’ आहे. जुन्या प्रोजेक्टची पॅकेज फाइल एकदा उघडून बघा, काढून टाकण्यासारखं बरंच सापडेल.

बन आणि डीनो दोन्ही चांगली आहेत. वीकेंडला एखादी छोटी स्क्रिप्ट लिहून बघा. चालू ॲप तिकडे न्यायचं कारण मला तरी क्वचितच दिसतं, कारण वर पाहिलं तसं वेळ बहुधा डेटाबेसमध्ये जातो, रनटाइममध्ये नाही.

एआयचा मुद्दा मात्र टाळण्यासारखा नाही. मी रोज वापरते आणि तुम्हीही वापरा. टेस्टचा सांगाडा, मायग्रेशनचा पहिला मसुदा, अनोळखी कोडबेसमध्ये ‘ही किंमत कुठून येते’ याचा माग काढणं, एरर लॉग वाचणं, यात ते खरंच कामाला येतं. पण वेग किती वाढला याचा आपला अंदाज फसवा असतो. मेटर या संस्थेने जुलै २०२५ मध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. ओपन सोर्सवर काम करणारे १६ अनुभवी डेव्हलपर, त्यांच्याच ओळखीचे कोडबेस. एआय वापरताना त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला, आणि काम संपल्यावरही आपण २० टक्के लवकर उरकलं असंच त्यांना वाटत होतं. एवढ्यावरून सगळ्यांना लागू होणारा निष्कर्ष काढता येत नाही, टूल्सही तेव्हापासून बदलली आहेत. पण ‘वाटणं’ हे माप भरवशाचं नाही एवढं नक्की.

वापरताना माझे नियम थोडेच आहेत. एजंटला छोटं काम द्यायचं, आणि ते झालं हे कळण्यासाठी आधी टेस्ट असायला हवी. डिफ (कोडमध्ये काय बदललं ते) पूर्ण वाचायचा. न समजलेली ओळ मर्ज करायची नाही. त्याने सुचवलेलं नवं पॅकेज खरंच अस्तित्वात आहे का आणि कुणाचं आहे ते बघायचं, कारण मॉडेल कधी नसलेली नावंही सुचवतं आणि तशा नावांनी कुणी बनावट पॅकेज टाकून ठेवू शकतं. प्रॉडक्शनचे पासवर्ड आणि डेटाबेस त्याच्या हाताशी ठेवायचे नाहीत. मोठ्या पुलाची चाचणी घेतल्याशिवाय त्यावरून गाड्या सोडत नाहीत, तसंच हे. टेस्टसाठी प्लेराइट शिकून घ्या. लॉगिन, पेमेंट आणि तुमच्या ॲपचं जे एक मुख्य काम असेल ते, एवढ्या वाटा खऱ्या ब्राउझरमध्ये आपोआप तपासल्या गेल्या की एआयने लिहिलेलं काय आणि तुम्ही लिहिलेलं काय, दोन्ही बदलायचं धाडस येतं.

डॉकर (ॲप त्याच्या लागणाऱ्या सगळ्या गोष्टींसकट बांधून कुठेही चालवायचं साधन) नीट शिका: इमेजचे थर, मल्टी-स्टेज बिल्ड, कम्पोझने लोकल डेटाबेस उभा करणं. एका आठवड्याचं काम आहे आणि रोज उपयोगी पडतं. कुबरनेटीस (असे अनेक कंटेनर अनेक सर्व्हरवर सांभाळणारी यंत्रणा) मात्र पाच जणांच्या टीमला घरी हत्ती बांधण्यासारखं आहे. सरळ सांगायचं तर ते सांभाळणं हे एका माणसाचं पूर्ण वेळेचं काम होऊन बसतं. संकल्पना वाचून ठेवा, लागेल तेव्हा शिकता येईल. त्याऐवजी लॉगकडे लक्ष द्या. प्रत्येक रिक्वेस्टला एक आयडी, तो प्रत्येक लॉग ओळीत, आणि जमल्यास ओपनटेलिमेट्रीने एका रिक्वेस्टचा पूर्ण माग. रात्री काही बिघडलं की याचीच किंमत कळते.

सहा महिन्यांची वाटणी विचारली आहेत, तर पहिले दोन महिने पोस्टग्रेस आणि एसक्यूएल, सोबत डॉकर, कारण डेटाबेस लोकलवर उभा करायला ते लागणारच. पुढचे दोन नेक्स्ट. आत्ताच्या ॲपचं एखादं छोटं पान त्यात पुन्हा लिहा, परवानग्यांसकट. शेवटचे दोन प्लेराइट, लॉगिंग आणि एजंटसोबत काम करायची शिस्त. उरलेली नावं यादीत राहू द्या.

आणि मुलाखतीची काळजी असेल तर मुलाखत घेणाऱ्याच्या बाजूने एक सांगते. रेझ्युमेवर वीस टूल्स लिहिलेली असली की मी त्यातलं एक निवडून ‘हे का घेतलंत, दुसरं का नाही’ एवढंच विचारते. वरच्या ऑर्डरच्या पानासारखं एखादं काम तुम्ही केलेलं असेल, आधी किती वेळ लागायचा, कुठे सापडलं आणि नंतर किती झाला हे आकड्यांसह सांगता येत असेल, तर बन येतं की नाही हे मी विचारतही नाही.